चुकलेल्या उत्तराचा हिशेब

तिसरीतल्या एका मुलाची वही समोर आहे असं समजू. त्यात तीन वजाबाक्या आहेत. ४२ वजा १७, उत्तर ३५. ६३ वजा २८, उत्तर ४५. ५१ वजा ३६, उत्तर २५. तिन्ही चूक. लाल पेनाने तीन फुल्या मारल्या आणि खाली ‘सराव करणे’ असा शेरा लिहिला की वही तपासून झाली. बहुतेक वह्या अशाच तपासल्या जातात, कारण टेबलावर वह्यांची चळत असते आणि पुढचा तास सुरू व्हायची वेळ झालेली असते.

तीच उत्तरं जरा निरखून पाहिली तर मात्र वेगळंच काही दिसतं. हा मुलगा कुठेही अडखळलेला नाही. एककाच्या घरात वर २ आणि खाली ७ दिसल्यावर त्याने सातातून दोन वजा केले आणि पाच लिहिले. दशकात चारातून एक गेला, राहिले तीन. पुढच्या दोन्ही उदाहरणांतही त्याने हेच केलं: वर काय आहे, खाली काय आहे ते न बघता मोठ्या अंकातून लहान अंक काढला. पहिली-दुसरीत ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’ हे त्याने अनेकदा ऐकलेलं असतं. त्यातून त्याने स्वतःपुरता एक नियम बांधला आणि तो इमानेइतबारे पाळला. अशा मुलाला ‘सराव करणे’ सांगितलं तर तो चुकीच्या नियमाचाच सराव करणार.

अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या गणितातल्या अशा चुकांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या दोषाला ‘बग’ म्हणतात, तोच शब्द त्यांनी या चुकांना लावला. त्यांचं म्हणणं असं, की मुलांच्या बऱ्याच चुका धांदलीच्या नसतात, त्यांच्यामागे ठरावीक पद्धत असते. ती पद्धत ओळखता आली तर पुढच्या गणितात मूल नेमकं काय चुकेल हेही आधी सांगता येतं.

शिकणारं मूल समोरून आलेली माहिती जशीच्या तशी साठवून ठेवत नाही. आधीपासून जे माहीत आहे त्याच्याशी ती जोडून, वाकवून, कधी मोडतोड करून ते आपली समजूत स्वतः रचतं. या विचाराला शिक्षणशास्त्रात ज्ञानरचनावाद म्हणतात. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत हा शब्द आज शिक्षकांच्या तोंडी रुळलेला आहे. ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५’ मध्ये हा विचार ठळकपणे मांडला गेला. १ एप्रिल २०१० रोजी लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यातही कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकण्याची तरतूद आली. पण या विचाराची मुळं बरीच मागे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात सापडतात.

१९२० च्या सुमारास ज्याँ पियाजे हा स्विस तरुण पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. सिरिल बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करून घ्यायच्या, म्हणजे कोणत्या वयाच्या मुलांना किती प्रश्न सुटतात याचे आकडे काढायचे, असं ते रुक्ष काम होतं. पियाजेचं शिक्षण प्राणिशास्त्रातलं, गोगलगायींवर त्याने निबंध लिहिलेले. आकडे भरता भरता त्याचं लक्ष बरोबर उत्तरांवरून उडालं आणि चुकीच्या उत्तरांवर खिळलं. एकाच वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. मग तो मुलांशी गप्पा मारू लागला: हे उत्तर कसं आलं, असंच का, वेगळं का नाही?

त्याचा पाण्याचा प्रयोग आज अध्यापक विद्यालयांत सगळीकडे शिकवला जातो. सारख्याच आकाराच्या दोन ग्लासांत सारखं पाणी असतं. पाच वर्षांच्या मुलाला ते मान्य असतं. मग त्याच्यादेखत एका ग्लासातलं पाणी उंच, निमुळत्या ग्लासात ओततात आणि विचारतात, आता जास्त पाणी कशात? मूल बेधडक उंच ग्लासाकडे बोट दाखवतं. ‘अरे, पाणी तेवढंच आहे’ असं कितीही बजावलं तरी ते तात्पुरती मान डोलावतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा उंच ग्लासच निवडतं. साधारण सात वर्षांच्या आसपास, बरंच ओतून-मोजून झाल्यावर, तेच मूल ‘यात काय विचारायचं?’ अशा नजरेने मोठ्यांकडे बघू लागतं.

शिकवलेलं आणि आधी माहीत असलेलं यांची मूल कशी सांगड घालतं, याचा एक नमुना स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांच्या अमेरिकेतल्या १९९२ च्या अभ्यासात मिळतो. ‘पृथ्वीचा आकार कसा?’ या प्रश्नाला प्राथमिक शाळेतली मुलं ‘गोल’ असं बिनचूक उत्तर देत. पण पृथ्वीचं चित्र काढायला लावलं, ‘सरळ चालत राहिलं तर कुठे पोचू?’ असं विचारलं, की निराळंच बाहेर येई. कुणाच्या मते पृथ्वी थाळीसारखी गोल आणि सपाट होती. कुणी म्हणे, पृथ्वी पोकळ चेंडूसारखी असून माणसं आत, सपाट जमिनीवर राहतात. काही मुलांच्या हिशेबी पृथ्वी दोन होत्या: आपण उभे आहोत ती सपाट, आणि आकाशातली गोल. यातलं एकही चित्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. ‘जमीन सपाट दिसते’ आणि ‘बाई म्हणतात पृथ्वी गोल आहे’ या दोन्ही गोष्टी खऱ्या ठेवायच्या, तर मुलांनी काढलेला तो तोडगा होता. पुढे असाच अभ्यास हैदराबादच्या मुलांवर झाला. तिथे काही मुलांची पृथ्वी पाण्यावर तरंगत होती. घरी ऐकलेल्या कथा त्यांच्या भूगोलात मिसळल्या होत्या.

मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात काही पदवीधर आणि प्राध्यापकांना कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं: उन्हाळा-हिवाळा का होतो, किंवा चंद्राच्या कला का दिसतात? तेवीसपैकी एकवीस जणांची उत्तरं चुकली. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, हे ऋतूंबद्दलचं ठरलेलं उत्तर. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडच्या ऐन थंडीत. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे हे त्या सगळ्यांनी शाळेत घोकलं असणार. पण ‘शेकोटीजवळ गेलं की जास्त ऊब’ ही लहानपणीची समजूत खाली जशीच्या तशी शाबूत राहिली, आणि शाळेतलं ज्ञान तिच्यावर नुसतं पसरून ठेवलेलं होतं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तर याहून चमत्कारिक प्रकार दिसला. तेरेझिन्या काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर नारळ, लिंबं असं काहीबाही विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. मुलं नऊ ते पंधरा वर्षांची होती. बारा वर्षांच्या एका नारळवाल्याला एका गिऱ्हाइकाने चार नारळ मागितले. एक नारळ ३५ क्रुझेरोचा. पोराने तोंडी सांगितलं: तीन नारळांचे एकशेपाच, त्यात तीस घातले की एकशे पस्तीस, आणि वरचे पाच, झाले एकशे चाळीस. काही दिवसांनी त्याच मुलाला कागदावर ‘३५ गुणिले ४’ दिलं. तो म्हणाला, चार पंचे वीस, हातचे दोन. तीन आणि दोन पाच, चार पंचे वीस. त्याने उत्तर लिहिलं २००. चार नारळांचे दोनशे मागितले असते तर गिऱ्हाईक भांडायला उठलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कागदावरच्या गणिताचा आणि नारळाचा काही संबंध असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांनी बाजारातले ९८ टक्के हिशेब बरोबर केले, तर कागदावरची नुसत्या आकड्यांची गणितं जेमतेम ३७ टक्के. अलीकडे दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबतही संशोधकांना असंच आढळलं. उलट, फक्त शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या तोंडी हिशेबात अडखळली.

म्हणून ज्ञानरचनावादी शिक्षकाचं मुख्य काम रोजचा व्यवहार आणि कागदावरचं गणित हे दोन काठ जोडण्याचं असतं. वजाबाकीच्या त्या मुलापाशी परत न जाता, त्याच्या वयाच्या कुठल्याही वर्गात ते कसं चालतं हे बघता येईल. फरशीवर आइस्क्रीमच्या काड्या असतात. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले, बाकीच्या काड्या सुट्ट्या. एका मुलीपुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या आहेत.

‘मला सतरा काड्या दे बघू,’ बाई म्हणतात.

मुलगी एक गठ्ठा देते, दोन सुट्ट्या देते आणि थांबते. ‘बाई, संपल्या की सुट्ट्या.’

‘मग आता गं?’

ती गठ्ठ्यांकडे बघते. शेजारचा मुलगा पुटपुटतो, ‘सोड ना एक.’ ती एका गठ्ठ्याचं रबर काढते, दहातल्या पाच काड्या मोजून देते आणि उरलेल्या मोजते. दोन गठ्ठे, पाच सुट्ट्या. पंचवीस.

इथवर अर्धंच काम झालं. आता बाई तीच देवघेव फळ्यावर अंकांत मांडतात: चार दशकांपैकी एक सुटा केला म्हणून चाराचे तीन झाले, दोनाचे बारा झाले. ‘हातचा’ नावाची एरवी गूढ वाटणारी भानगड म्हणजे मघाशी काढलेलं रबर, हे मुलीच्या ध्यानात येतं. काड्या नुसत्या खेळायला दिल्या आणि फळ्यावरच्या लेखनाशी जोडल्याच नाहीत, तर तिचीही गत रेसिफेच्या नारळवाल्यासारखी व्हायची.

त्या दृश्यात शेजारच्या मुलाचं पुटपुटणंही महत्त्वाचं आहे. पियाजेच्याच साली, १८९६ मध्ये जन्मलेला रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की याने त्यावर बोट ठेवलं. मूल एकटं काय करू शकतं एवढंच बघून भागत नाही. मोठ्यांच्या किंवा जाणत्या सोबत्याच्या मदतीने ते काय करू शकतं, हेही पाहावं लागतं. या दोहोंमधल्या पट्ट्यातच शिकवण्याला अर्थ असतो, असं त्याने मांडलं. क्षयाने तो १९३४ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी वारला आणि त्याचा महत्त्वाचा ग्रंथ इंग्रजीत यायला १९६२ साल उजाडलं. १९७६ मध्ये डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठी माणसं कशी मदत करतात हे तपासलं. या मदतीला त्यांनी इमारतीच्या परांचीची उपमा दिली: काम चालू असेतोवर आधार द्यायचा, मग हळूहळू काढून घ्यायचा.

मराठी मुलांच्या वाट्याला काही खास आपल्याकडच्या अडचणीही येतात. ‘पंचवीस’ ऐकल्यावर पहिली-दुसरीतली कितीतरी मुलं ५२ लिहितात. यात ती वेंधळेपणा करत नसतात. आधी पाच ऐकू आले, मग वीस, त्याच क्रमाने हात चालला. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली, ती ही गाठ सोडवण्यासाठी. विषय समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यावर विधिमंडळापासून व्हॉट्सअॅपपर्यंत गदारोळ उठला, विनोदांना ऊत आला. मुलं नेमकं कुठे आणि का अडतात, हा मूळ मुद्दा त्या हशात बाजूला पडला.

ज्ञानरचनावाद हा शब्द यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात या वाटेने काम सुरू झालं होतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलं. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून बिया, खडे, शिंपले, पानं ही साधनं झाली. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, अशी तिथली ‘कुरणशाळा’. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय उभं केलं. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांचं कमला निंबकर बालभवन १९८६ मध्ये सुरू झालं. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ मध्ये विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा कार्यक्रम सुरू झाला. तिथे मुलं प्रयोग करून निष्कर्ष स्वतः लिहीत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. तीस वर्षं चालून, सरकारी शाळांत फैलावून, २००२ मध्ये तो राज्य सरकारने बंद केला.

सरकारी पातळीवर मोठी लाट आली ती दहा-बारा वर्षांपूर्वी. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं. ते बघायला राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि गावोगाव शाळांचं रूप पालटू लागलं. बाकं गेली, मुलं गोलात बसली, फरशीवर ऑइलपेंटने तक्ते, संख्यारेषा, अक्षरांची घरं रंगली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून रंग आणून दिले.

बघून आलेल्यांपैकी काही जण कुमठ्याची पद्धत घेऊन परतले आणि काही जण फक्त फरशी. रंगवलेल्या फरशीचा फोटो अहवालाला जोडता येतो. मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर शिक्षकाने त्याला काय विचारलं, याचा फोटो निघत नाही. त्यामुळे काही वर्गांत संख्यारेषेवर मुलं उड्या मारतात खरी, पण शिक्षक सांगतील तेवढ्याच आणि तिथेच. रंगीत फरशीवरही पुन्हा तीच घोकंपट्टी चालते.

दुसरा गैरसमज उलट्या टोकाचा आहे: मूल स्वतः ज्ञान रचतं ना, मग शिक्षकाने शिकवायचंच नाही, नुसतं ‘सुलभक’ होऊन बाजूला बसायचं. यावर पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये कडक टीका केली. नवख्या माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. त्याला मार्गदर्शनाशिवाय सोडलं तर सगळी शक्ती चाचपडण्यात जाते आणि हाती फारसं लागत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा खोडून काढणं सोपं नाही. मात्र तो शिकवण्याच्या एका पद्धतीला लागू पडतो, मूल कसं शिकतं याच्या सिद्धान्ताला नाही. फळ्यासमोर उभं राहून सलग वीस मिनिटं सुरेख समजावून सांगणाऱ्या शिक्षकासमोरचं मूलही मनात आपली समजूत रचतच असतं. ती काय रचली गेली हे त्या शिक्षकाने नंतर तपासलं का, प्रश्न तेवढाच उरतो.

तपासायला वेळ लागतो, आणि खरी ओढाताण तिथेच आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, वर पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. त्यात चौथीतल्या एखाद्या मुलाला अजून वाक्य वाचता येत नसतं आणि त्याच्याच बाकावरची मुलगी गोष्टींची पुस्तकं फस्त करत असते. ‘प्रथम’ या संस्थेने यावर काढलेला मार्ग साधा आहे: दिवसातला काही वेळ इयत्ता विसरायची, मुलांची वाचनाची आणि गणिताची पातळी पाहून गट करायचे आणि तिथून पुढे न्यायचं. पालकांचीही एक समजूत असते. वही भरलेली दिसली की शिकवणं झालं. दिवसभर काड्या मोजून आलेल्या मुलाची वही कोरी असते, आणि संध्याकाळी घरी त्याचा जाब विचारला जातो.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेने २०२१ मध्ये २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरवलं. तोवर तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं, असं उद्दिष्ट आहे. त्यासाठी चाचण्या होतात, किती मुलांना आलं याचे आकडे वर जातात. त्याच उत्तरपत्रिका शाळेतही उपयोगी पडू शकतात. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिथे आठ-दहा शाळांच्या चुकलेल्या उत्तरपत्रिका एकत्र करून, सारख्या चुकांचे गठ्ठे लावून, कुठल्या गठ्ठ्यामागे कोणती समजूत आहे यावर शिक्षकांना एकमेकांत बोलता येईल. त्याला ना निधी लागतो ना रंग. शिक्षकांची तक्रार असते ती परिषदेचा बराचसा वेळ परिपत्रकं वाचण्यात आणि राहिलेली माहिती भरून घेण्यात जातो, ही.